पिल्लाला ‘बस’ कळते म्हणजे नेमके काय कळते?

कुत्र्याचे पिल्लू घरी आले की पहिल्या दिवसापासून घरातला प्रत्येक जण त्याचा शिक्षक होतो. आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात साधारण दोन महिन्यांची एक गावठी मादी आली. इमारतीच्या जिन्याखाली ती एकटीच भिजून कुडकुडत होती. बुंदी असे तिचे नाव ठेवले आणि त्याच संध्याकाळी तिची शिकवणी सुरू झाली. मुलगा तिला ‘सिट’ म्हणे, मी ‘बस’ म्हणत असे, सासूबाई ‘बैस गं बाई एका जागी’ म्हणत आणि घरकामाला येणाऱ्या मावशी ‘खाली बस, खाली बस’ असे म्हणत तिच्या कमरेवर हात दाबत. तीन आठवडे झाले तरी बुंदी सांगितल्यावर बसेना. गावठी कुत्र्यांना हे जमत नाही, असे शेजाऱ्यांनी सांगितले आणि घरातही ते हळूहळू पटू लागले. प्रत्यक्षात त्या तीन आठवड्यांत तिच्या कानावर चार माणसांचे चार वेगवेगळे आवाज पडत होते आणि त्यांतल्या एकाचाही बसण्याशी काही संबंध आहे, हे आम्ही तिला एकदाही दाखवून दिले नव्हते.

माणसाच्या मुलाशी बोलताना आपण शब्दाचा अर्थ गृहीत धरतो आणि नकळत तोच हिशेब पिल्लालाही लावतो. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी ‘बस’ हा शब्द नसतो. कुकरची शिट्टी, दाराची बेल किंवा शेजारच्या टीव्हीचा गलका यांसारखाच तो एक आवाज असतो. त्या आवाजाला अर्थ येतो तो त्याच्या मागोमाग काय घडते त्यावरून. याचा पुरावा कुत्रे असलेल्या प्रत्येक घरात सापडतो. ज्या पिल्लाला तीन आठवड्यांत ‘बस’ कळलेले नसते, त्याला खाऊच्या डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज दोन दिवसांत कळलेला असतो आणि तो त्याला कोणीही शिकवलेला नसतो. झाकण रोज सारखेच वाजते आणि वाजल्यावर लगेच खाऊ मिळतो. ते झाकण या दोन बाबतींत आपल्यापेक्षा चांगले शिक्षक ठरते.

या निरीक्षणामागे सव्वाशे वर्षांचे संशोधन आहे. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी. परंतु कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की, अन्न तोंडात पडायच्या आधीच, ते येणार असल्याची नुसती चाहूल लागली तरी कुत्र्यांना लाळ सुटते. अन्नाशी मुळात काहीही संबंध नसलेला आवाज अन्नाच्या आधी पुनःपुन्हा ऐकवला, तर तो आवाजही अन्नाची वर्दी देऊ लागतो. त्याच सुमारास, १८९८ मध्ये, अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना कडीच्या पेट्यांमध्ये ठेवून प्रयोग केले. धडपडता धडपडता मांजराकडून एखादी दोरी किंवा कळ ओढली जाई, दार उघडे आणि बाहेर ठेवलेले अन्न मिळे. पुढच्या प्रत्येक खेपेला निष्फळ धडपड कमी होत गेली आणि मांजर लवकर बाहेर पडू लागले. ज्या कृतीचे फळ चांगले मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइक यांनी त्यातून मांडले. पावलोव्ह यांच्याकडून खूण आणि थॉर्नडाइक यांच्याकडून कृती व तिचे फळ घेतले, की आज्ञापालनाची तिन्ही अंगे हाती येतात. आपण घरी चूक करतो ती क्रमात. कृती पिल्लाला येत नसतानाच आपण शब्द सांगत सुटतो. वास्तविक शब्द ही सर्वांत शेवटी जोडायची गोष्ट आहे.

हे सगळे ‘बस’ या एका आज्ञेवर नीट पाहू, कारण ती एक पक्की झाली की बाकीच्या आज्ञांची रीत तीच असते.

पिल्लाच्या जेवणाआधीची वेळ निवडावी, म्हणजे त्याला खाण्यात रस असतो. मात्र ते भुकेने व्याकूळ झालेले नसावे. टीव्ही बंद असावा आणि शिकवणारे माणूस एकच असावे. तीन ते पाच मिनिटे पुरतात. पिल्ले दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, त्यामुळे झोपेला आलेल्या पिल्लाला शिकवत बसणे म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणे होय. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली, ती म्हणजे फरशी. आजकालच्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय सरकतात. बुंदी अर्धवट बसे, पाय फाकले की दचकून उठे आणि आम्हाला वाटे की तिचे लक्ष नाही. जुनी सतरंजी चौपदरी घालून तिला तिच्यावर घेतले, त्याच दिवशी ती व्यवस्थित बसली.

उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरावा. चिमूट पिल्लाच्या नाकाशी न्यावी, त्याला वास घेऊ द्यावा आणि मग ती अगदी सावकाश वर आणि किंचित मागे, दोन कानांच्या मधल्या जागेकडे न्यावी. नाक वर गेले की पिल्लाची पाठ तिरपी होते आणि मागचा भाग आपोआप खाली टेकतो. हात फार उंच गेला तर ते उडी मारते. हात घाईने मागे नेला तर ते मागे मागे चालू लागते. मागे चालणाऱ्या पिल्लाला भिंतीच्या कोपऱ्याशी उभे करून हेच करावे. या सगळ्या वेळात तोंडाने एक अक्षरही बोलू नये. बूड सतरंजीला टेकताक्षणी ‘छान’ म्हणावे आणि तुकडा तोंडात द्यावा. कमरेवर हात दाबून बसवण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, पण तिच्यामुळे पिल्लू उलट पायांत जोर धरते, हाताला घाबरू लागते आणि स्वतःहून बसायचे असते हे त्याला कळतच नाही.

‘टेकताक्षणी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण शिकवणीचे सारे यश त्या क्षणावर उभे असते. पिल्लू बसते, आपल्याला आनंद होतो, आपण डबा उघडतो, तुकडा शोधतो, तोपर्यंत पिल्लू उठून आपल्या हाताकडे झेपावलेले असते आणि आपण तुकडा देतो. आपल्या हिशेबी आपण बसण्याचे बक्षीस दिले. पिल्लाच्या हिशेबी बक्षीस मिळाले ते उठून झेप घेण्याचे. काही सेकंदांच्या या अंतराने धडा बदलून जातो. म्हणूनच ‘छान’ या शब्दाची सोय करायची असते. दोन-तीन दिवस नुसते ‘छान’ म्हणून लगेच तुकडा द्यावा, त्यासाठी पिल्लाकडून काहीही करून घेऊ नये. पावलोव्ह यांच्या कुत्र्यांप्रमाणे तो शब्दच खाऊची वर्दी बनतो. त्यानंतर योग्य क्षणावर ‘छान’चा शिक्का उमटवला की हात डब्यापर्यंत पोहोचायला एक-दोन सेकंद लागले तरी बिघडत नाही. प्रशिक्षक याच कामासाठी टिक् असा आवाज करणारा क्लिकर वापरतात; घरी एक छोटा, ठाशीव आणि कायम एकाच सुरात उच्चारलेला शब्द पुरतो.

दहा-पंधरा वेळा असे जमले की चिमूट रिकामी ठेवून तीच हालचाल करावी आणि बक्षीस दुसऱ्या हातातून द्यावे. हाताच्या हालचालीवर पिल्लू हमखास बसू लागले, की मगच शब्द आणायचा. आधी ‘बस’ म्हणावे, साधारण एक सेकंद थांबावे आणि मग हात वर न्यावा. शब्द आणि हात एकाच वेळी आले तर कुत्रे हाताकडे पाहते आणि शब्द वाया जातो. हातवाऱ्यांकडे लक्ष देणे कुत्र्यांच्या रक्तातच असते. कोलकाता येथील ‘आयसर’ या संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या, कोणीही न शिकवलेल्या कुत्र्यांसमोर दोन वाडगे ठेवून त्यांपैकी एकाकडे बोट दाखवले. त्यांचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, जे कुत्रे जवळ आले त्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी बोटाने दाखवलेला वाडगाच निवडला. गावठी कुत्र्यांना समज कमी असते असे म्हणणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते. शब्द आधी आणि हात नंतर असा क्रम काही दिवस ठेवला, की हात उचलण्याच्या आधीच पिल्लू बसून मोकळे होते. त्या दिवशी त्याला ‘बस’ कळले असे म्हणता येते.

आता प्रश्न शब्द कोणते घ्यावेत हा, आणि मराठी घरांसाठी तो जितका वाटतो तितका किरकोळ नाही. ‘बस’ हा शब्द आपण दिवसभर वापरतो: ‘बस झाले’, ‘जरा बस’, ‘बस चुकली’. ‘थांब जरा, आलेच’ हे तर प्रत्येक घरातले पालुपद आहे. ज्या आवाजानंतर वीसपैकी अठरा वेळा काहीच घडत नाही, तो आवाज कानाआड करायला कुत्रे लवकर शिकते. पुष्कळ लोक ‘सिट’, ‘स्टे’ असे इंग्रजी शब्द वापरतात, त्यामागे नुसती हौस नसते. ते शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात येत नाहीत, हा त्यांचा खरा उपयोग आहे. मराठीच शब्द हवे असतील, आणि घरात आजी-आजोबा असतील तर ते असलेलेच बरे, तर एक रूप ठरवून तेच सर्वांनी पाळावे. ‘बस’, ‘बैस’, ‘बसा’, ‘बसतेस का’ ही आपल्याला एकाच क्रियापदाची रूपे वाटतात. पिल्लाला ते चार निराळे आवाज असतात.

दुसरी अडचण सारख्या उच्चारांची. बुडापेस्टच्या संशोधकांनी पाळीव कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा कुत्र्यांना ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांतला फरक कळत होता. पण ओळखीच्या शब्दात एखादाच ध्वनी बदलला, तर मेंदूच्या प्रतिसादात फरक आढळला नाही. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आता आपले शब्द पाहा: ‘ये’, ‘घे’, ‘दे’, शिवाय हाक मारतानाचा ‘ए’. चौघांत एकेका ध्वनीचाच काय तो फरक आहे. बुंदीला ‘ये’ म्हटले की ती तोंड उघडून खाऊची वाट पाहत जागेवरच उभी राही, याचे कारण मला तो अभ्यास वाचल्यावर कळले. आम्ही बोलावण्यासाठी ‘इकडे’, तोंडातली वस्तू सोडण्यासाठी ‘सोड’ आणि घेण्याची परवानगी म्हणून ‘घे’ असे शब्द ठरवले, ते एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावले आणि मावशींनाही वाचून दाखवले. बुंदीच्या प्रगतीत सर्वांत मोठा फरक त्या कागदाने पडला, असे माझे ठाम मत आहे.

आवाजाच्या सुराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. बुडापेस्टच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १३ कुत्र्यांना स्कॅनरमध्ये शांत पडून राहायला शिकवले होते. कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात उच्चारला गेला, तेव्हाच कुत्र्याच्या मेंदूतले आनंदाशी निगडित भाग उद्दीपित झाले. शब्द कौतुकाचा पण सूर कोरडा, किंवा सूर लाडाचा पण शब्द निरर्थक असला, तर तसे झाले नाही. म्हणून आज्ञा नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात द्यावी आणि ‘छान’ मात्र मनापासून म्हणावे. ‘बस, बस, बस, अगं बस ना’ असे करू नये. आज्ञा एकदाच द्यावी. पाचव्या ‘बस’ला बसलेले पिल्लू हे शिकलेले असते की पहिल्या चार वेळा बसायचे नसते.

बोलावल्यावर येणे ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आज्ञा आहे. बाकीच्या आज्ञा सोयीच्या आहेत. ही जीव वाचवते. उघड्या फाटकातून रस्त्याकडे धावलेल्या कुत्र्याला परत फिरवण्याचे दुसरे कोणतेही साधन आपल्या हातात नसते. तिचा नियम एकच आहे आणि तो पाळायला अवघड आहे: त्या शब्दानंतर पिल्लाच्या वाट्याला कधीही वाईट काही येता कामा नये. आंघोळ घालायची आहे, नखे कापायची आहेत, औषध पाजायचे आहे, चप्पल कुरतडल्याबद्दल रागवायचे आहे. यांपैकी कशासाठीही ‘इकडे’ म्हणू नये, आपण उठून त्याच्यापाशी जावे. पिल्लू पळून गेले आणि दहा मिनिटांनी परत आले, तर मनातला राग गिळून त्याला शाबासकी द्यावी, कारण त्या क्षणी ते करत असलेले काम परत येण्याचे आहे. आम्ही हे खेळातून शिकवले. मुलगा बैठकीच्या खोलीत बसे, मी स्वयंपाकघरात. आळीपाळीने ‘बुंदी, इकडे’ अशी हाक द्यायची आणि ती धावत आली की तुकडा. तिसऱ्या दिवसापासून ती मधल्या पॅसेजमध्ये कान टवकारून हाकेची वाट पाहत उभी राहू लागली. बाहेर मात्र पाच-सात मीटरची लांब दोरी गळपट्ट्याला लावल्याशिवाय हा सराव करू नये. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारवान जातीसारखे शिकारी कुत्रे असेल तर ही दोरी अनेक महिने सुटणार नाही, हे मनाशी धरून चालावे. डोळ्यांनी सावज टिपून त्याच्यामागे सुसाट धावण्यासाठीच ती जात पिढ्यान्पिढ्या जोपासली गेली आहे.

‘थांब’ शिकवताना घाई हाच मोठा दोष असतो. त्यात तीन गोष्टी असतात: किती वेळ, किती अंतरावर आणि आजूबाजूला किती गडबड असताना. एका वेळी यांतली एकच वाढवावी. आधी अगदी समोर उभे राहून दोन सेकंद, मग पाच, मग दहा. ते जमले की एक पाऊल मागे जाऊन पुन्हा दोन सेकंदांपासून सुरुवात. पिल्लू उठले तर ते चुकले असे समजू नये, आपण पायरी फार उंच ठेवली असे समजावे आणि एक पायरी खाली यावे. थांबण्याचा शेवटही शब्दानेच झाला पाहिजे, नाहीतर कधी उठायचे हे पिल्लू स्वतःच ठरवू लागते. आम्ही ‘चल’ म्हणतो.

‘सोड’ ही आज्ञा रस्त्यावर हाडे, प्लॅस्टिक आणि उंदराचे औषध पडलेले असते अशा आपल्या शहरांत टाळता येण्यासारखी नाही. ती ओढाताणीने शिकवू नये, कारण ओढाताण हा पिल्लाचा आवडता खेळ असतो आणि तोंडात हात घालून वस्तू काढून घेत राहिले तर ते पुढच्या वेळी ती वस्तू घाईघाईने गिळून टाकते. त्याऐवजी अदलाबदल करावी. तोंडात खेळणे असताना नाकाशी चिकनचा तुकडा न्यावा. खेळणे सुटले की ‘छान’, मग तुकडा आणि लगेच खेळणेही परत द्यावे. सोडले तरी आपले काही जात नाही, हा विश्वास बसला की शब्द जोडावा. आडवे व्हायला शिकवण्यासाठी बसलेल्या पिल्लाच्या नाकापासून चिमूट सरळ खाली जमिनीवर आणून पुढे ओढावी, एवढे पुरे आहे.

हे सर्व घरात जमल्यानंतर एक दिवस आपण पिल्लाला घेऊन खाली पार्किंगमध्ये जातो, मोठ्या अभिमानाने ‘बस’ म्हणतो आणि ते आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पुष्कळ जण इथे खट्टू होतात. पिल्लाने आपला अपमान केलेला नसतो. त्याने शिकलेला धडा असा असतो: सतरंजीवर, स्वयंपाकघराच्या दाराशी, आई समोर उभी असताना हा आवाज आला की बसायचे. पार्किंगमध्ये सतरंजी नाही, मांजराचा वास आहे, स्कूटर सुरू होत आहेत. माणूस एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी सहज लागू करतो; कुत्र्याला ती प्रत्येक नव्या जागी जवळपास पहिल्यापासून दाखवावी लागते. सुदैवाने प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा लवकर शिकते. बैठकीची खोली, मग जिन्याचा कट्टा, लिफ्टबाहेरची जागा, रिकामे पार्किंग, संध्याकाळचे गजबजलेले पार्किंग, असा प्रवास दोन-तीन महिन्यांचा धरावा.

शिक्षेविषयी मला स्पष्टच लिहायचे आहे, कारण वर्तमानपत्राची गुंडाळी मारावी, नाक दाबून धरावे, पाठीवर उताणे पाडून ‘मालक कोण’ ते दाखवावे, असे सल्ले आजही सर्रास दिले जातात. या सल्ल्यांमागे लांडग्यांच्या कळपाची एक जुनी कल्पना आहे: कळपात सतत वर्चस्वासाठी भांडणे होतात आणि जो इतरांना नमवतो तोच म्होरक्या होतो. लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेन्केल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत कोंडलेल्या लांडग्यांमधली वर्चस्वाची भांडणे नोंदवली होती. ही कल्पना ज्यांच्या लेखनामुळे लोकप्रिय झाली त्या डेव्हिड मेक यांनीच पुढे रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये लिहिले की, नैसर्गिक कळप म्हणजे आई, वडील आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. ज्या पायावर ही दांडगाई उभी होती, तो पाया लांडग्यांच्या बाबतीतही पक्का नव्हता. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये मांडलेले निष्कर्ष सांगतात की, झटके देणाऱ्या व शिक्षा करणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक होती आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतील ताणाशी निगडित संप्रेरकही अधिक वाढले होते. शिक्षेची आणखी एक अडचण वेळेची आहे. सकाळी गालिच्यावर झालेली शी संध्याकाळी दाखवून ओरडले, तर पिल्लाला कळते ते इतकेच की माणसे संध्याकाळी घरी आल्यावर भयंकर वागतात. कान पाडून, अंग चोरून ते उभे राहते आणि आपण म्हणतो, ‘बघा, त्याला आपली चूक समजली आहे.’ ती चुकीची जाणीव नसते, ती त्याला आपल्याविषयी वाटणारी भीती असते.

नकोशा वर्तनाचे फळ काढून घेणे हा मार्ग सावकाशीचा असला तरी खात्रीचा आहे. अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाला ढकलणे किंवा ओरडणे हेही त्याला लक्ष दिल्यासारखेच असते. आपण पाठ फिरवून उभे राहावे आणि चारही पाय जमिनीवर आले की वळून कौतुक करावे. पहिले काही दिवस उड्या वाढतात, कारण आजवर चाललेली युक्ती का चालेना म्हणून ते अधिक जोर लावते. नेमक्या याच वेळी घरातले कोणीतरी कळवळून त्याला उचलून घेते आणि पिल्लू शिकते की जास्त जोर लावला की जमते. चावण्याचेही काहीसे असेच. साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत पिल्लांचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात आणि हिरड्या शिवशिवतात. गार केलेले गाजर किंवा ओले करून गोठवलेले फडके चावायला द्यावे आणि दात हाताला लागला की खेळ तिथेच थांबवावा.

खाऊबद्दल दोन शब्द. दिवसभराच्या एकूण आहारात खाऊचा वाटा दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा; शिकवणीच्या दिवशी जेवणातलेच थोडे बाजूला काढून ठेवणे उत्तम. उकडलेले चिकन, पनीर, उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे, बिनमिठाचे फुटाणे चालतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी मात्र विषासारख्या आहेत: कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट. म्हणजेच रश्श्यातले मटण, बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा किंवा मुलांच्या वाढदिवसाचा केक यांतला एकही घास बक्षीस म्हणून देऊ नये. शिजवलेली हाडे तुटून टोकदार होतात, तीही नकोत.

कधी सुरुवात करावी, असे विचारतात. पिल्लू घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाची जडणघडण होण्याचा असतो. या काळात ज्या माणसांची, आवाजांची आणि जागांची ओळख चांगल्या रीतीने होते, त्यांची भीती पुढे सहसा वाटत नाही. नेमक्या त्याच काळात लसीकरण पुरे झालेले नसते आणि पार्व्होसारख्या आजाराचा धोका असतो, म्हणून इतर कुत्री फिरतात अशा जमिनीवर पिल्लाला सोडू नये, पण कडेवर घेऊन रिक्षा, बाजार, ढोलाचा लांबून येणारा आवाज, छत्री उघडणारा माणूस हे सगळे जरूर दाखवावे. लसींचे वेळापत्रक पशुवैद्यांकडून घ्यावे आणि साधारण तीन महिन्यांच्या सुमारास द्यावयाची रेबीजची लस कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये. पिल्लू जेवताना जवळ गेल्यावर ताठ होऊन गुरगुरत असेल किंवा माणसांना पाहून कोपऱ्यात दडून राहत असेल, तर घरच्या घरी प्रयोग न करता पशुवैद्यांना दाखवावे. पुष्कळदा त्यामागे दुखणे असते.

सात-आठ महिन्यांचे झाल्यावर कुत्रे वयात येऊ लागते आणि सगळे शिकलेले विसरल्यासारखे वागते. बुंदी त्या दिवसांत हाकेला मान वळवून पाही आणि पुन्हा वास घेण्यात गुंग होई. आम्ही ओरडलो नाही. लांब दोरी पुन्हा लावली, जुनी सतरंजी पुन्हा अंथरली आणि पंधरा दिवस दुसऱ्या महिन्यातले धडे पुन्हा दिले. तोवर कमी करत आणलेला खाऊही पुन्हा वाढवला. खाऊ कमी करायचा असतो तो एकदम नव्हे. आधी प्रत्येक वेळी, मग दोनदा सोडून एकदा, मग कधी लागोपाठ तर कधी बऱ्याच वेळाने, असा अंदाज न येणारा ठेवला की कृती अधिक टिकाऊ होते. शिवाय बक्षीस खाण्याचेच असायला हवे असे नाही. फिरायला निघताना बुंदीला दारापाशी बसावे लागते आणि तिथे तिचे बक्षीस म्हणजे उघडलेले दार असते. सासूबाईंनी मात्र खाऊ पूर्ण बंद करायला नकार दिला. त्यांच्या खुर्चीशेजारच्या फळीवर बिनमिठाच्या फुटाण्यांची एक छोटी डबी असते. त्या ‘इकडे’ म्हणतात, बुंदी आली की ‘बस’ म्हणतात, फक्त एकदाच, आणि ती बसताक्षणी ‘छान’ म्हणून एक फुटाणा तिच्या जिभेवर ठेवतात.